स्नॉर्केलची नळी आखूड का असते?

अंदमानला जाणाऱ्या मराठी माणसाचे पहिले पाऊल सेल्युलर जेलकडे वळते. पोर्ट ब्लेअरचे नाव २०२४ साली श्री विजयपुरम झाले, पण तिथल्या कोठडीपुढे हात जोडून उभ्या राहणाऱ्या मंडळींत आपली माणसे पूर्वीइतकीच दिसतात. पूर्वी ही सहल तिथेच जवळजवळ संपत असे. आता दुसऱ्या दिवशी बोट पकडून सगळे हॅवलॉकला, म्हणजे २०१८ पासूनच्या स्वराज द्वीपाला, जातात. तिथे राधानगरचा पांढऱ्या वाळूचा किनारा आहे, एलिफंट बीचवर स्नॉर्केलिंग आहे, काचेच्या तळाच्या बोटी आहेत, डोक्यावर शिरस्त्राण घालून समुद्राच्या तळावर चालण्याचा ‘सी-वॉक’ आहे, आणि जरा जास्त पैसे मोजले तर पाठीवर हवेची टाकी बांधून स्कूबाही आहे. ज्यांनी आयुष्यात कधी गळ्याच्या वर पाणी येऊ दिले नाही असे काका-काकू तिथे तोंडात नळी धरून पालथे तरंगताना दिसतात.

हे सगळे खेळ म्हणजे आठवी-नववीच्या पुस्तकातला दाब, उत्प्लावन, अपवर्तन आणि श्वसन यांची चालती-बोलती प्रयोगशाळा आहे. फरक एवढाच की या प्रयोगात काच फुटत नाही. चुकले तर माणूस जातो. म्हणून या खेळांचे विज्ञान शिक्षकांनी नीट समजून घ्यावे असे आम्हाला वाटते. आपले विद्यार्थी अंदमानला जातील न जातील, तारकर्ली, मुरूड, गणपतीपुळे, कळंगुट इथे कधीतरी जाणारच. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास स्नॉर्केलिंग आता सर्रास चालते.

सुरुवात अगदी साध्या नळीपासून करू. स्नॉर्केल म्हणजे एका टोकाला वळवलेली, तोंडात धरायची रबराची पकड असलेली एक नळी. चेहरा पाण्यात, नळीचे वरचे टोक हवेत. हिची लांबी हातभरही नसते. साधारण ३५ ते ४० सेंमी. ही नळी पाहिली की मुले हमखास विचारतात, ‘मग दोन मीटर लांब नळी घेतली तर आणखी खाली नाही का जाता येणार?’ चित्रपटातला नायक वेळूची पोकळ काडी तोंडात धरून तळ्याच्या तळाशी लपून बसतो, तेव्हा प्रेक्षकांनाही तसेच वाटत असते. (दुर्योधन डोहात लपला त्याला जलस्तंभनाची विद्या येत होती, त्याची गोष्ट वेगळी.)

लांब नळी न चालण्याची कारणे दोन आहेत आणि दोन्ही वर्गात गणिताने काढता येतात.

पहिले कारण शिळ्या हवेचे. शांत बसलेला मोठा माणूस एका श्वासात सुमारे ५०० मिली हवा आत घेतो. पण ती सगळी फुप्फुसांच्या वायुकोशांपर्यंत पोचत नाही. नाक, घसा, श्वासनलिका हा रस्ता भरायलाच सुमारे १५० मिली लागतात. उच्छ्वासाच्या शेवटी या रस्त्यात वापरलेली हवा उरते आणि पुढच्या श्वासात तीच आधी आत जाते. म्हणजे ताजी हवा ३५० मिलीच. आता तोंडाला २ सेंमी आतला व्यास असलेली ४० सेंमी लांब नळी जोडा. तिचे आकारमान ३.१४ × १ × १ × ४० = सुमारे १२५ मिली. रस्ता तेवढा लांबला, ताजी हवा ३५० वरून २२५ मिलीवर आली. हे चालते, फक्त श्वास जरा खोल आणि सावकाश घ्यावा लागतो. नळी १ मीटरची केली तर तिच्यातच ३१४ मिली हवा मावेल. १५० आणि ३१४ मिळून ४६४. पाचशेच्या श्वासात ताजी हवा उरली ३६ मिली! माणूस जोरजोरात श्वास घेत राहील आणि बहुतांश आपलीच शिळी हवा पुन्हा पुन्हा ओढत राहील. घाबरून भराभर, उथळ श्वास घेणाऱ्याचे छोट्या नळीतही हेच होते. एका श्वासात तीनशेच मिली हवा घेतली तर त्यातली पावणेतीनशे शिळी. म्हणून शिकवणारा ‘सावकाश, सावकाश’ असे ओरडत असतो ते निव्वळ धीर देण्यासाठी नव्हे.

कोणी म्हणेल, नळी बारीक करू म्हणजे आकारमान कमी होईल. तसे केले तर हवेला वाहायला अडथळा वाढतो. शीतपेयाच्या नळीतून दोन मिनिटे श्वास घेऊन पाहावा म्हणजे समजेल. कोणी म्हणेल, श्वास नळीतून घेऊ आणि नाकाने पाण्यात सोडू. ही युक्ती खरोखर चांगली आहे, शिळ्या हवेचा प्रश्न तिने सुटतो. पण मग दुसरे कारण आडवे येते आणि त्याला युक्ती नाही.

ते म्हणजे पाण्याचा दाब. समुद्राच्या पाण्याची घनता दर घसेंमीला सुमारे १.०२५ ग्रॅम. एक मीटर खोलीवर प्रत्येक चौरस सेंमीवर १०० सेंमी उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा असतो, म्हणजे सुमारे १०० ग्रॅम भार. छातीची पुढची बाजू ३० सेंमी × ३० सेंमी धरली तरी ९०० चौसेंमी झाले. एकूण भार ९० किलोग्रॅम. एरवी वातावरणाचा दाब याच्या दहापट असतो आणि आपल्याला जाणवत नाही, कारण छातीच्या आतल्या हवेचाही दाब तितकाच असतो. पण नळीतून श्वास घेणाऱ्याच्या फुप्फुसांतली हवा वरच्या मोकळ्या हवेला जोडलेली आहे. तिचा दाब वातावरणाइतकाच, बाहेरून मात्र वातावरण अधिक पाणी. हा जादा भार उचलून छाती फुगवायचे काम बरगड्यांमधल्या स्नायूंनी आणि श्वासपटलाने करायचे. धडधाकट पुरुषाने सगळा जोर लावला तर त्याचे श्वसनाचे स्नायू मीटरभर पाण्याच्या दाबाइतका जोर जेमतेम लावू शकतात, तोही क्षणभर. मिनिटाला पंधरा वेळा तसे करणे अशक्य. पालथे तरंगताना छाती वीतभर पाण्याखाली असते तेव्हाच १८ किलोचा भार आपण उचलत असतो. नवख्या माणसाला पहिली पाच मिनिटे छातीवर कोणी बसल्यासारखे का वाटते ते यावरून कळते.

याचा एक प्रयोग शाळेत करता येतो. दोन मीटर लांब पारदर्शक प्लॅस्टिकची नळी घ्या, एक टोक बादलीतल्या रंगीत पाण्यात सोडा आणि उंचावर उभे राहून दुसऱ्या टोकाने पाणी ओढा. इथे मुले एक लबाडी करतील. गाल आणि जीभ वापरून थोडे थोडे ओढत पाणी खूप वर चढवता येते. आपण सरबत पितो ते तसेच. ते चालणार नाही. गाल सैल ठेवून एकाच दमात, छातीनेच ओढायचे. बहुतेकांचे पाणी मीटरच्या बरेच अलीकडे अडेल. नळीचे तोंड प्रत्येक मुलामागे स्वच्छ पुसावे हे सांगायला नकोच.

नळीनंतर डोळ्यांवरचा मुखवटा. पाण्यात डोळे उघडले की सगळे धूसर दिसते, कारण आपल्या डोळ्यात प्रकाश वाकवण्याचे दोनतृतीयांश काम भिंग करत नाही, समोरचा पारपटल करतो. हवेतून पारपटलात शिरताना प्रकाश चांगला वाकतो. पाण्याचा अपवर्तनांक १.३३ आणि पारपटलाचा सुमारे १.३८, इतके ते जवळचे, की पाण्यात पारपटल जवळजवळ नाहीसाच होतो. मुखवट्यामुळे डोळ्यांपुढे हवा येते आणि पारपटल कामाला लागतो. मग सपाट काचेमुळे दुसरी गंमत होते. वस्तू तीनचतुर्थांश अंतरावर आहे असे भासते, म्हणून वस्तू मोठी वाटते. पाहून आलेल्या माशाची लांबी सांगताना पर्यटक नेहमीच खोटे बोलत असतात असे नाही.

अंदमान समुद्राच्याच पलीकडच्या अंगाला, थायलंडच्या किनाऱ्याजवळच्या सुरीन बेटांवर मोकेन नावाचे समुद्रावर वाढणारे लोक आहेत. त्यांची मुले मुखवटा न लावता बुडी मारून तळावरचे शिंपले वेचतात. स्वीडनच्या लुंड विद्यापीठातील ॲना गिस्लेन यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे आढळले, की ही मुले पाण्याखाली युरोपीय मुलांच्या दुपटीहून अधिक बारीक तपशील पाहू शकतात. पाण्यात गेल्यावर त्यांची बाहुली २ मिमीपर्यंत लहान होते आणि भिंग जितके फुगू शकेल तितके फुगते. अंधूक प्रकाशात बाहुली एरवी मोठी व्हायला हवी, इथे उलट. बाहुली लहान केली की सूचिछिद्र कॅमेऱ्याप्रमाणे प्रतिमा स्पष्ट होते. हा गुण जन्मजात असेल असे वाटले होते, पण पुढे युरोपीय मुलांनाही काही आठवड्यांच्या सरावाने तो जमला. सवयीने शरीर काय काय शिकते याचे हे उदाहरण पुस्तकात यावे इतके चांगले आहे.

मुखवट्यात नाक झाकलेले असते, तेही कारणाशिवाय नव्हे. तळावरची एखादी वस्तू पाहायला माणूस दोन-तीन मीटर बुडी मारतो तेव्हा मुखवट्यातली हवा दबते आणि मुखवटा चेहऱ्याला तुंबडीसारखा ओढू लागतो. नाकाने थोडी हवा आत सोडली की दाब सारखा होतो. पोहण्याच्या तलावात वापरतात त्या साध्या चष्म्यात नाक बाहेर असते. तो लावून खोल बुडी मारली तर डोळ्यातल्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात.

कानाचेही तसेच. दोन मीटरवर प्रत्येक चौसेंमीवर २०० ग्रॅम जादा भार. कानाचा पडदा अर्धा-पाऊण चौसेंमीचा, म्हणजे त्याच्यावर शंभर-दीडशे ग्रॅम. तळहाताला हे वजन काहीच नाही, पण पडदा कागदासारखा पातळ आहे. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारली की घशातून मध्यकर्णाकडे जाणाऱ्या नलिकेतून हवा आत जाते, ‘टक्’ असा आवाज होतो आणि दुखणे थांबते. सर्दी झाली असेल तर ती नलिका सुजून बंद असते. अशा वेळी खाली जायचेच नाही, पैसे भरले असले तरी. घाटात बस उतरताना कानाला दडे बसतात तो याचाच सौम्य प्रकार.

सी-वॉक पोहता न येणाऱ्यांसाठी आहे असे सांगतात आणि ते बरेचसे खरे आहे. पाच-सात मीटर खोलीवर खांद्यावर टेकणारे जड शिरस्त्राण घालून शिडीने उतरायचे. ते खालून उघडे असते. तरी आत पाणी का शिरत नाही? पेल्याच्या तळाशी कागदाचा बोळा खुपसून पेला उलटा बादलीत दाबला तर कागद कोरडा राहतो, हा प्रयोग आपण सर्वांनी केला आहे. मात्र बादलीत न दिसणारी एक गोष्ट इथे होते. सहा मीटरवर एकूण दाब १.६ वातावरणे असतो. बॉइलच्या नियमाप्रमाणे पृष्ठभागावरची १०० मिली हवा तिथे सुमारे ६२ मिली होईल. नुसता उलटा पेला तिथे नेला तर एकतृतीयांशाहून जास्त पाण्याने भरेल. शिरस्त्राणात तसे होऊ नये, आणि श्वासाला ताजी हवाही मिळावी, म्हणून वरच्या पंपातून नळीने सतत हवा सोडलेली असते. जादा हवा खालच्या कडेने बुडबुड्यांतून निघून जाते.

इथे मुले एक प्रश्न विचारतात का ते पाहावे: मग या नळीतून सहा मीटरवर श्वास कसा घेता येतो, स्नॉर्केलच्या नळीतून एक मीटरवरही येत नसताना? उत्तर त्या पंपात आहे. पंप हवा १.६ वातावरणे दाबानेच खाली ढकलतो, त्यामुळे छातीच्या आत-बाहेर दाब सारखा. स्कूबाचे तत्त्वही हेच. टाकीतून खोलीप्रमाणे हव्या त्या दाबाची हवा, श्वास ओढला की तेवढीच, देणारी झडप फ्रान्समध्ये जॅक कुस्तो आणि एमिल गान्यान यांनी १९४३ साली यशस्वी करून दाखवली. त्यापूर्वी समुद्राचा तळ पाहणे हा हौशी माणसांचा विषय नव्हता.

या झडपेने एक संकट घालवले आणि दुसरे आणले. दहा मीटरवर दाब दोन वातावरणे. तिथे स्कूबावाल्याने छाती भरून पाच लिटर हवा घेतली, श्वास रोखून धरला आणि तसाच तो वर आला, तर ती हवा दहा लिटर होऊ पाहील. छातीत तेवढी जागा नाही. फुप्फुसाच्या नाजूक भिंती फाटतात आणि हवेचे बुडबुडे रक्तात शिरून मेंदूपर्यंत पोचू शकतात. दहा मीटर तर दूरच; दोन मीटरवरून वर येतानाही पाचाचे सहा लिटर होतात. म्हणून स्कूबाचा पहिला नियम: श्वास कधीही रोखायचा नाही. लहानपणापासून आपण पाण्यात शिरताना श्वास रोखायला शिकलेलो असतो, त्यामुळे घाबरलेला माणूस नेमके तेच करतो. लक्षात घ्या, वरूनच श्वास भरून बुडी मारणाऱ्याला हा धोका नाही. त्याची हवा खाली आकसते आणि वर येताना मूळचीच होते.

दुसरा धोका नायट्रोजनचा. दाब वाढला की तो रक्तात आणि चरबीत अधिक विरघळतो, आणि दाब झपाट्याने उतरला तर सोडावॉटरची बाटली उघडल्यासारखे बुडबुडे धरतो. सांध्यांत कळा येतात, कधी अर्धांग जाते. ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हाल्डेन यांनी शेळ्यांवर प्रयोग करून टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टके १९०८ साली प्रसिद्ध केली. या कामात त्यांनी आपल्या तेरा वर्षांच्या मुलालाही पाणबुड्याचा पोशाख घालून समुद्रात उतरवले होते. तो मुलगा म्हणजे पुढे भारताचे नागरिकत्व घेतलेले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारलेले जे. बी. एस. हाल्डेन. पर्यटकांची स्कूबाची बुडी दहा-बारा मीटरची आणि अर्ध्या तासाची असते, तेवढ्यात हा त्रास क्वचितच होतो. पण ती करून त्याच दुपारी विमानात बसू नये. विमानातला हवेचा दाब दीड-दोन हजार मीटर उंचीच्या डोंगरावर असतो तितका कमी ठेवलेला असतो. बाटलीचे झाकण आणखी सैल केल्यासारखेच ते. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क ही संस्था एका बुडीनंतर किमान १२ तास आणि अनेक बुड्यांनंतर १८ तास थांबायला सांगते. सहलीच्या शेवटच्या दिवशी सकाळी स्कूबा आणि दुपारी परतीचे विमान असा बेत कोणी आखून दिला तर तो बदलून घ्यावा.

आता टाकी नाही, नळी नाही अशा खेळाकडे वळू. मुलांत पाण्याखाली जास्त वेळ कोण राहतो याची पैज लागते. अशा वेळी ‘अनुभवी’ मुले सांगतात, की आधी दहा-वीस वेळा जोरजोरात श्वास घे म्हणजे ऑक्सिजन साठतो. हे चूक आहे आणि घातक आहे. साध्या श्वसनातही धमन्यांतले रक्त ऑक्सिजनने जवळजवळ पूर्ण भरलेलेच असते, त्यात फार भर पडत नाही. जोरात श्वास घेऊन कमी होतो तो कार्बन डायऑक्साइड. आणि श्वास घेण्याची असह्य ऊर्मी मुख्यतः ऑक्सिजन संपल्यामुळे येत नाही, कार्बन डायऑक्साइड साचल्यामुळे येते. धोक्याची घंटाच काढून टाकल्यासारखे होते. मुलगा आरामात पाण्याखाली राहतो, ऑक्सिजन कमी होत जातो आणि काहीही न जाणवता तो बेशुद्ध होतो. उत्तम पोहणारे तरुण छातीएवढ्या पाण्यात असे गेलेले आहेत.

आणि ज्यांना पोहता येत नाही त्यांचे काय? इथे आर्किमिडीज कामाला येतो. ५० किलो वजनाच्या मुलाचे आकारमान, छातीत बेताची हवा असताना, सुमारे ५० लिटर असते. तो समुद्रात पूर्ण बुडला तर ५० लिटर खारे पाणी बाजूला सारतो, त्याचे वजन सव्वाएक्कावन्न किलो. म्हणजे सव्वा किलोचे उत्प्लावन शिल्लक. छाती भरून श्वास घेतला तर आणखी दोन-तीन किलो. थोडक्यात, माणूस तरंगतो, पण अगदी थोड्या फरकाने. शरीराचा चार-पाच टक्केच भाग पाण्याबाहेर राहू शकतो. तो भाग कोणता ठेवायचा एवढेच आपल्या हाती असते.

बुडणारा माणूस हात वर करतो. एक हात म्हणजे शरीराच्या वजनाच्या सुमारे पाच टक्के, अडीच किलो. दोन हातांचे पाच. डोके चार किलो. हे नऊ किलो हवेत धरायचे आणि शिल्लक उत्प्लावन चार किलोही नाही. हात वर गेले की तोंड खाली जाते, हा थेट हिशेब आहे. उलट पाठीवर पडून, कान पाण्यात बुडू देऊन, हनुवटी वर आणि हात पाण्यातच पसरले तर बाहेर राहतो तो फक्त चेहरा, आणि तेवढाच लागतो. मुलांना कान बुडवायला भीती वाटते. म्हणून ते डोके उचलतात आणि पाय खाली जातात. पोहायला शिकवण्याआधी हे एक शिकवले तरी पुष्कळ. खरा बुडणारा माणूस फारसा ओरडतही नाही. तोंड पाण्याच्या वर येते तेवढ्या वेळात त्याला श्वास घ्यायचा असतो. किनाऱ्यावरच्या शिक्षकाने आरडाओरड्याची वाट पाहू नये, गप्प झालेल्या मुलाकडे पाहावे.

वर्गात दाखवायचे तर एका बाटलीत वाळू भरून ती जेमतेम तरंगेल अशी करा आणि तिच्या टोपणावर मातीचा गोळा ठेवा. तोच गोळा पाण्याच्या पातळीखाली बाटलीला चिकटवला तर काय होते तेही पाहा. (गोळ्यालाही उत्प्लावन मिळते, मुलांना हे आपण होऊन सुचू द्यावे.)

विहिरीत पोहायला शिकताना पाठीला वाळका भोपळा बांधत असत, त्याचे शास्त्र हेच. रिकामा, घट्ट झाकणाचा पाच लिटरचा डबा पाच किलो उचलतो. जीवरक्षक जाकिटावर ५०, १०० असा न्यूटनमधला आकडा छापलेला असतो. दहाने भागले की साधारण किलो मिळतात. ५० न्यूटनचे जाकीट पोहता येणाऱ्यासाठी आहे. आणि पट्टे न बांधलेले जाकीट माणसाला उचलत नाही, स्वतःच वर निघून जाते. बोटवाले ते नुसते गळ्यात अडकवून देतात, तेव्हा पट्टे आपण ओढून पाहावेत.

राधानगरसारख्या मोकळ्या किनाऱ्यावर आणि आपल्या कोकणात आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे ओढ. लाटांबरोबर किनाऱ्याकडे चढलेले पाणी परत जाताना सगळीकडून सारखे जात नाही. वाळूच्या दांड्यात जिथे खोलगट भाग असतो तिथून ते एकवटून आत जाते. या पट्ट्यात खोली जास्त म्हणून लाटा फुटत नाहीत. दोन्हीकडे फेस आणि मध्ये शांत, काळसर पाणी. नवख्याला तीच जागा सुरक्षित वाटते! प्रवाहाचा वेग एरवी सेकंदाला अर्ध्या मीटरच्या आसपास, पण लाटा मोठ्या असल्या तर दोन मीटरपर्यंत जातो. साधा पोहणारा सेकंदाला एक मीटरही कापत नाही. म्हणून किनाऱ्याकडे तोंड करून झगडणारा दमतो आणि बुडतो. हा प्रवाह खाली ओढत नाही, फक्त आत नेतो, आणि फुटणाऱ्या लाटांच्या पलीकडे बहुधा विरतो. त्यात सापडल्यास पाठीवर तरंगत राहावे, हात हलवून खूण करावी, दम असेल तर किनाऱ्याला समांतर सरकून लाटा फुटत असलेल्या बाजूने परतावे.

अंदमानात उधाणाच्या भरती-ओहोटीतला फरक जेमतेम दोन मीटर, मुंबईला साडेचार-पाच मीटर. सपाट किनाऱ्यावर पाणी इतके उतरायचे तर ते फार आतपर्यंत हटते, आणि चढताना मागच्या खोलगट भागातून गुपचूप शिरते. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूड-जंजिऱ्याच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले दहाहून अधिक महाविद्यालयीन विद्यार्थी बुडाले. अशा घटनेनंतर शाळा समुद्राच्या सहली बंद करतात. ते समजण्यासारखे आहे, पण बंदीने मुलांना समुद्र कळत नाही. चार वर्षांनी तीच मुले मोटारसायकली काढून स्वतः जातात. सहल काढणाऱ्याने निघण्यापूर्वी भरती-ओहोटीच्या वेळा पाहाव्यात, आणि पोचल्यावर गावातल्या एखाद्या कोळ्याला ‘दादा, इथे ओढ कुठे आहे?’ एवढे विचारावे. आमच्या मते ही दोन मिनिटे पन्नास सूचनांच्या छापील पत्रकापेक्षा अधिक मोलाची आहेत.

तरंगता न येण्याचा एक परिणाम माणसाच्या जिवाशी संबंधित नाही, पण तोही सांगायला हवा. एलिफंट बीचवर दमलेला, मुखवट्यात पाणी शिरलेला पर्यटक उभा राहायला काहीतरी शोधतो, आणि पायाखाली सापडतो तो प्रवाळ. तो दगड नव्हे. बारीक प्राण्यांची ती वसाहत असते आणि त्यांच्या पेशींत राहणारे सूक्ष्म शैवाल त्यांना अन्न पुरवते. गोल, भरीव जातीचा प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंमी वाढतो. फांद्यांचा जरा जलद, पण तो पायाने काडीसारखा मोडतो. पाणी नेहमीपेक्षा एक-दोन अंशांनी काही आठवडे तापलेले राहिले की प्रवाळ शैवालाला बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. अंदमानात १९९८, २०१० आणि २०१६ साली असे झाले. २००४ च्या २६ डिसेंबरच्या भूकंपाने तर उत्तर अंदमानच्या पश्चिमेकडची जमीन मीटरभराहून वर उचलली आणि तिथले प्रवाळ उन्हात उघडे पडून मेले. यांपैकी काहीच आपल्या हाती नव्हते. पाय कुठे ठेवायचा ते मात्र आहे. किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडाही पिशवीत घालून आणू नये. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली प्रवाळ संरक्षित आहेत, आणि परतताना विमानतळावर सामान तपासताना तो बाहेर काढून ठेवावा लागतो. शाळेच्या प्रयोगशाळेसाठी आणला होता, हे कारण तिथे चालत नाही.